राजाचा बुचडा आणि वेशीवरची कात्री : कोरिया, १८९५-९६

३० डिसेंबर १८९५ रोजी सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात कोरियाचा राजा गोजोंग याच्या माथ्यावरचा बुचडा कापला गेला. तो कापला शेती, व्यापार आणि उद्योग खात्याचा मंत्री जॉंग ब्यॉंग-हा याने. युवराजाचे केस कापले यू गिल-जुनने. गृहखात्याचा कारभार तेव्हा त्याच्याकडे होता. लगोलग जाहीरनामा निघाला : राजाने स्वतःचे केस कापून प्रजेपुढे उदाहरण ठेवलं आहे, आता प्रजेनेही कापावेत आणि जगातल्या इतर राष्ट्रांच्या बरोबरीने उभं राहावं. गृहखात्याच्या सूचनेत कारणं दिली होती ती अगदी घरगुती. आखूड केस आरोग्याला चांगले आणि कामाला सोयीचे.

कोरियाच्या इतिहासात हा हुकूम ‘दानबाल्योंग’, म्हणजे केस कापण्याचा आदेश, या नावाने ओळखला जातो. त्यानंतर सहा आठवड्यांत देशाच्या अनेक भागांत बंड पेटलं, राजधानीतलं सैन्य बंड मोडायला बाहेर पडलं, राजा राजवाड्यातून निसटला आणि ज्या पंतप्रधानाच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला त्याला जमावाने रस्त्यात ठार मारलं. केसांसारख्या गोष्टीवरून एक सरकार कोसळलं, असं वरवर वाचणाऱ्याला वाटेल. पूर्व आशियात केस कापण्याला काय अर्थ होता हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते याच्याइतकं बोलकं दुसरं प्रकरण नाही. म्हणून ते सावकाश पाहू.

माथ्यावर काय बांधलेलं होतं

कन्फ्युशियसच्या परंपरेत मुलांना लहानपणीच पढवला जाणारा एक छोटा ग्रंथ आहे, मातापित्यांवरच्या भक्तीचा. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की शरीर, केस आणि त्वचा ही आईवडिलांकडून मिळालेली आहेत, त्यांना इजा होऊ न देणं हा भक्तीचा आरंभ. ‘केसालाही धक्का लागू देणार नाही’ असं आपण मराठीत सहज म्हणून जातो. चोसोन राजवटीच्या कोरियात, म्हणजे १३९२ पासून पुढची पाच शतकं, हे शब्दशः पाळायचं वचन होतं.

मुलगा लहान असेपर्यंत पाठीवर एकच लांब वेणी. मोठा झाला, बहुधा लग्नाच्या सुमारास, की ‘ग्वाल्ये’ नावाचा संस्कार व्हायचा. वेणी सोडून केस माथ्यावर ओढून घ्यायचे, त्यांचा घट्ट उभा बुचडा बांधायचा, त्यात आकडा खोचायचा. या बुचड्याला ‘सांगतू’ म्हणतात. त्याखाली कपाळाभोवती घोड्याच्या केसांची विणलेली पट्टी, आणि बाहेर जाताना वर बांबूच्या बारीक काड्या व घोड्याचे केस यांची काळी, पारदर्शक, रुंद काठाची टोपी. तिच्यातून आतला बुचडा दिसायचा, आणि तो दिसावा अशीच तिची घडण होती.

सांगतू नसलेला पुरुष वयाने चाळिशीचा असला तरी समाजाच्या लेखी पोरच. लग्नाला पैसे नाहीत म्हणून वेणीतच म्हातारे झालेले गरीब पुरुष होते, आणि विशीतला सांगतूवाला त्यांच्याशी अरेतुरेने बोलायचा. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सांगतूची आठवण काढताना त्याचं पावित्र्य सांगितलं जातं आणि ही बोच विसरली जाते.

‘पेक्चोंग’ म्हणजे खाटीककाम करणारे आणि अस्पृश्यासारखे वागवले गेलेले लोक. त्यांना ती कपाळपट्टी आणि ती काळी टोपी घालायची पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती. एका अमेरिकन मिशनऱ्याच्या मदतीने त्यांनी सरकारकडे अर्ज केले आणि परवानगी मिळवली, ती नेमकी १८९५ मध्ये. टोपी मिळाल्याच्या आनंदात काही जण ती डोक्यावर ठेवूनच झोपायचे, असं त्या काळच्या नोंदी सांगतात. ज्यांनी माणूसपणाची ही खूण नुकतीच डोक्यावर चढवली होती, त्यांनाही त्याच वर्षाच्या शेवटी सांगण्यात आलं की टोपीखालचा बुचडा उतरवा.

डोकं भादरलेली माणसं कोरियात नव्हती असं नाही. बौद्ध भिक्खू होते. पण चोसोनच्या राजवटीत भिक्खूंची पत खालची होती. त्यांना राजधानीच्या तटबंदीच्या आत यायलाही मनाई होती आणि ती १८९५ मध्येच उठली होती. त्यामुळे केस कापलेलं डोकं म्हणजे घर सोडलेलं, वंश तोडलेलं डोकं. आपल्याकडे बाप गेला की मुलगा क्षौर करतो, म्हणून मराठी वाचकाच्या मनात भादरलेल्या डोक्याबरोबर सुतक उभं राहतं. तिथे उलट होतं. आईवडील गेले की केस मोकळे सोडून विस्कटलेले ठेवायचे. शोकातही त्यांना कात्री लागत नसे.

आणि तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सांगतू नीट उभा राहावा आणि उन्हाळ्यात डोकं तापू नये म्हणून अनेक पुरुष टाळूवरचे मधले केस गोल भादरून घेत आणि भोवतालच्या केसांनी ती जागा झाकत. त्यासाठी कोरियन भाषेत वेगळा शब्दही आहे, ‘पेको’. म्हणजे आईवडिलांनी दिलेल्या केसांना वस्तरा लागतच होता! तो लागत होता बुचड्यासाठी, घरच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने. पुढे जे घडलं त्याची किल्ली मला या बारीकशा गोष्टीत सापडते.

हुकूम कोणाच्या बंदुकीखाली निघाला

१८९४ मध्ये चीन आणि जपान यांचं युद्ध झालं, तेही मुख्यतः कोरियावरून. जपान जिंकला. जपानी सैन्याच्या छायेत कोरियात सुधारणांची लाट आली. जन्मावर ठरणाऱ्या दर्जाला कायद्यातून हात घातला गेला, गुलामगिरी रद्द झाली, सरकारी नोकरीसाठीची जुनी परीक्षापद्धत गेली. यातल्या कितीतरी गोष्टी चांगल्या होत्या आणि त्या मागणारे कोरियनच होते. पण ८ ऑक्टोबर १८९५ च्या पहाटे जपानी हत्यारबंद टोळी राजवाड्यात शिरली आणि तिने राणी मिन हिचा खून केला. हा कट जपानचा सोलमधला वकील, म्हणजे राजदूत, मिउरा गोरो याने रचला होता. राणीचे विधिवत अंत्यसंस्कार व्हायला १८९७ चा नोव्हेंबर उजाडला.

राणीच्या खुनाला तीन महिनेही झाले नव्हते आणि राजाच्या डोक्यावर कात्री आली. त्या काळची बखर लिहून ठेवणारा विद्वान ह्वांग ह्यॉन सांगतो की राजवाड्याला सैन्याचा वेढा होता, आणि राजाने सुस्कारा टाकून जॉंग ब्यॉंग-हाला म्हटलं, माझे केस तूच काप. हाच ह्वांग ह्यॉन पुढे १९१० मध्ये जपानने देश गिळला तेव्हा विष घेऊन मेला. त्याच्या लेखणीत राग आहे, हे धरूनही राजाची ती असहायता खोटी वाटत नाही. दीड महिन्याने राजाने स्वतःच जाहीर केलं की हे त्याच्या इच्छेविरुद्ध झालं होतं.

यू गिल-जुनला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण हा माणूस जपानमध्ये शिकला होता, मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शिकला होता. तिथे त्याने मागे ठेवलेले कोरियन कपडे आजही सेलमच्या संग्रहालयात आहेत. मायदेशी परतल्यावर त्याला बरीच वर्षं नजरकैद भोगावी लागली, आणि त्या काळात त्याने पाश्चात्त्य जगाविषयी मोठा ग्रंथ लिहिला. त्याला देश खरोखर बदलायचा होता. टोकियोत आणि बॉस्टनच्या आसपास त्याने पाहिलेल्या जगात आखूड केस म्हणजे नवा माणूस. सोलच्या रस्त्यावरच्या माणसाने जे जग पाहिलं होतं त्यात परक्याच्या हुकुमाने कापलेले केस म्हणजे हरलेला माणूस.

ही समजूत कुठून आली? १६४४ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचू लोकांनी बीजिंग घेतलं आणि १६४५ मध्ये चिनी पुरुषांना हुकूम सोडला की कपाळापासूनचं डोकं भादरा आणि मागे मांचू पद्धतीची वेणी ठेवा. केस ठेवाल तर डोकं जाईल, डोकं ठेवायचं तर केस द्या, अशी त्या हुकुमाची भाषा लोकांच्या तोंडी राहिली. यांगत्सेकाठच्या जियांगयिन गावाने या हुकुमाविरुद्ध ८१ दिवस लढा दिला आणि ते कत्तलीत संपलं. कोरियाचा राजा त्याआधीच, १६३७ मध्ये, मांचूंना शरण गेला होता. पण कोरियन माणसाच्या डोक्याला मांचूंनी हात लावला नाही. त्यानंतरची अडीच शतकं कोरियन विद्वान मनाशी म्हणत राहिले की चीनमध्ये जुनी सभ्यता बुडाली, ती आता फक्त आमच्या माथ्यावर शिल्लक आहे. बीजिंगला जाणारे कोरियन वकील तिथल्या वेण्यांकडे पाहत आणि आपल्या सांगतूला जपत.

म्हणून १८९५ साली कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. जिंकणारा हरलेल्याचे केस बदलतो, हा पाठ पूर्व आशियात अडीचशे वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

वेशीवर

आणखी एक तपशील. कोरियाने चांद्र पंचांग सोडून सौर कॅलेंडर स्वीकारलं ते १ जानेवारी १८९६ पासून. म्हणजे राजाचे केस गेले आणि दोन दिवसांत तारीखही गेली. काळ मोजायची रीत आणि डोकं बांधायची रीत, दोन्ही एकाच आठवड्यात बदलली.

सरकारी नोकरांचे केस आधी कापले गेले. मग पोलीस कात्र्या घेऊन रस्त्यावर आणि सोलच्या वेशींवर उभे राहिले. बाजाराला आलेला शेतकरी, कामाला आलेला व्यापारी, दिसेल त्याला धरायचं आणि बुचडा छाटायचा. कापलेला बुचडा माणसं उचलून बाहीत घालून रडत घरी नेत, अशी वर्णनं आहेत. त्या वर्षांत कोरियात फिरलेली इंग्रज प्रवासी इझाबेला बर्ड बिशप लिहिते की ज्यांचे केस सोलमध्ये कापले गेले त्यांना गावी परतायची भीती वाटू लागली, कारण गावात जिवाला धोका होता, आणि न कापलेले लोक सोलकडे फिरकेनात. सरपण येईना, भाजीपाला येईना. ऐन जानेवारीत, सोलच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, राजधानीत गरजेच्या वस्तू महाग झाल्या.

पोचोनचा वृद्ध विद्वान छ्वे इक-ह्यॉन याला पकडून सोलला आणलं गेलं आणि केस कापायला सांगितलं गेलं. त्याचं उत्तर आज कोरियातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं : माझं डोकं कापता येईल, हे केस कापता येणार नाहीत. मांचूंच्या हुकुमाने डोकं आणि केस यांतलं एक निवडायला सांगितलं होतं. छ्वेने त्याच शब्दांना उलटं फिरवून आपली निवड सांगितली. शेंडी तुटो की पारंबी, असा हा माणूस. दहा वर्षांनी, बाहत्तर-त्र्याहत्तरच्या वयात, त्याने जपानविरुद्ध बंड केलं, पकडला गेला आणि त्सुशिमा बेटावर नेला गेला. तिथे पहारेकऱ्यांनी टोपी काढायला सांगितल्यावर त्याने अन्न सोडलं. पुढे तो पुन्हा जेवू लागला, पण आजारी पडून १ जानेवारी १९०७ रोजी त्याच बेटावर वारला.

जेचॉनमध्ये यू इन-सॉक या दुसऱ्या विद्वानाने ‘धर्मसेना’ उभी केली. कोरियन भाषेत ‘उइब्यॉंग’. त्याच्या माणसांनी फेब्रुवारीत चुंगजू शहर घेतलं. ठिकठिकाणी हुकूम बजावणारे अधिकारी मारले गेले. राणीच्या खुनाने लोक आधीच धुमसत होते आणि काही ठिकाणी माणसं जमूही लागली होती. पण राणी राजवाड्यात मारली गेली होती, आणि कात्री प्रत्येकाच्या दारापर्यंत आली होती. रागाला डोंगरातल्या खेड्यापर्यंत नेलं ते केसांनी.

हुकूम कसा मागे गेला

बंड मोडायला सरकारने राजधानीतलं सैन्य प्रांतांत पाठवलं आणि त्यामुळे सोलमधला पहारा विरळ झाला. १० फेब्रुवारीला रशियाचे शंभरावर खलाशी बंदरातून सोलच्या रशियन वकिलातीत आले. ११ तारखेच्या पहाटे गोजोंग आणि युवराज राजवाड्यातल्या बायकांच्या पालखीत लपून बाहेर पडले आणि थेट रशियन वकिलातीत पोचले. त्याच दिवशी पंतप्रधान किम होंग-जिप आणि राजाचे केस कापणारा जॉंग ब्यॉंग-हा हे दोघेही सोलमध्ये मारले गेले. यू गिल-जुन जपानला पळाला.

राजाने वकिलातीतून जो जाहीरनामा काढला त्यात केसांचा उल्लेख आहे. ही काय इतकी तातडीची गोष्ट होती का, असं तो विचारतो. देशद्रोह्यांनी जबरदस्तीने ती घडवली, आता कपड्यांची आणि टोपीची सक्ती कुणावर नाही, ज्याला जसं हवं तसं करावं. प्राणभयाने परक्याच्या घरात आसरा घेतलेल्या राजाला पहिल्याच दिवशी केसांविषयी बोलावंसं वाटलं, यावरून त्या बुचड्याचं वजन कळतं.

जपानमध्ये का जमलं

जपानी पुरुषही माथ्यावर केस बांधत. समोरचं डोकं भादरून मागची शेंडी पुढे वळवलेली असे. १८७१ मध्ये सरकारने परवानगी दिली की ज्याला हवं त्याने केस मोकळे कापावेत. परवानगी दिली, सक्ती केली नाही. सम्राट मेइजीने स्वतःचे केस १८७३ च्या मार्चमध्ये कापले, म्हणजे दीड वर्षाने. कुरकूर तिथेही झाली, अनेकांनी वर्षानुवर्षं जुनी शेंडी ठेवली, पण केस कापायला सांगणारं सरकार आपलं होतं आणि राजवाड्यात परकं सैन्य नव्हतं. कोरियात क्रम उलटा होता. राजा आधी, तोही धाकाखाली, आणि लगेच वेशीवर पोलीस.

फरक फक्त घाईचा होता असं काही जण मांडतात. मला ते अपुरं वाटतं, कारण गोजोंगने १८९७ मध्ये स्वतःला सम्राट घोषित केल्यावर पुढच्या काही वर्षांत सैनिक, पोलीस आणि सरकारी अधिकारी यांचे केस पुन्हा हुकुमानेच कापले गेले आणि १८९६ सारखा वणवा पेटला नाही. १९०४ मध्ये तर शेतकऱ्यांमध्ये पसरलेल्या तोंगहाक या धर्मपंथाच्या अनुयायांनी पंथप्रमुख सोन ब्यॉंग-हीच्या सांगण्यावरून हजारोंच्या संख्येने स्वतः केस कापले आणि काळे कपडे घातले, नव्या युगाची खूण म्हणून. हीच शेतकरी माणसं, हेच आईवडिलांनी दिलेले केस. टाळूवरच्या त्या ‘पेको’ची इथे आठवण होते. कात्री आपल्या हातात असेल, निदान आपल्या माणसाच्या हातात, तर जुन्या ग्रंथातलं वाक्य वाकायला तयार असतं.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सांगतू गेला असता तर चाळिशीतल्या गरीब ‘पोराला’ कुणी पोर म्हटलं नसतं. सुधारकांना हे सांगता आलं असतं. त्यांनी आरोग्य आणि सोय सांगितली. ज्यांच्या डोक्यावर त्या बुचड्याचा भार खरोखर होता, त्यांच्याशी कुणी बोललंच नाही, आणि त्यांच्याही हातात शेवटी भाले आले ते बुचडा राखायला.

कात्री पुन्हा पुन्हा

पुढची पिढी आखूड केसांचीच झाली. १९२२ मध्ये कांग ह्यांग-रान या गणिकेने केस कापून पुरुषी वेशात शाळेत जायला सुरुवात केली तेव्हा सोलमध्ये गहजब झाला. १९७० च्या दशकात दक्षिण कोरियात पार्क चुंग-हीच्या हुकूमशाहीत चित्र फिरलं. तरुण केस वाढवू लागले आणि पोलीस पुन्हा कात्र्या घेऊन रस्त्यावर उभे राहिले. १९७३ मध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात लांब केसांचीच तरतूद झाली.

आज कोरियात निषेधाचं सर्वांत गंभीर रूप म्हणजे ‘साक्बाल’, चारचौघांत खुर्चीवर बसून डोकं भादरून घेणं. कामगार करतात, खासदार करतात. २०१६ च्या १५ ऑगस्टला सॉंगजू या खरबुजांच्या गावात क्षेपणास्त्रविरोधी तळ नको म्हणून ९०० हून अधिक माणसांनी एकत्र बसून डोकी भादरली. जुन्या वाक्याचा जोर अजून शिल्लक आहे म्हणूनच हे रूप चालतं. जे कधीच कापायचं नव्हतं ते मी स्वतः कापतो आहे, बघा.

सेवोल नावाची प्रवासी बोट १६ एप्रिल २०१४ ला बुडाली. ३०४ माणसं गेली, त्यांतली २५० एकाच शाळेची मुलं. वर्ष होत आलं तरी बोट समुद्राच्या तळाशीच होती आणि चौकशीवर आईवडिलांचा विश्वास उरला नव्हता. २ एप्रिल २०१५ ला सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात त्यांच्यातले पन्नासच्या आसपास जण खुर्च्यांवर बसले. मशीन फिरू लागलं आणि बायकांचे लांब केस पाठीवरून खाली घसरले. ग्वांगह्वामुन हे ग्योंगबोकगुंगचं पुढचं दार आहे. गोजोंगचा बुचडा कापला गेला तो राजवाडा त्यांच्या समोरच होता. आईवडिलांनी मुलांना दिलेले केस, असं जुना ग्रंथ सांगतो. इथे मुलांसाठी आईवडिलांनी आपले दिले.